तीन डॉक्टर, तीन मतं, मग आईला झालंय तरी काय?

प्रश्न: डॉक्टर, मी ऐरोलीला राहते. आई ५६ वर्षांची आहे, सहा महिने झाले अंग दुखतं, झोप नाही, जेवण नाही. फॅमिली डॉक्टर म्हणाले ॲसिडिटी. वाशीच्या एका डॉक्टरांनी पाच मिनिटांत डिप्रेशन सांगून गोळी लिहून दिली. तिसरे म्हणतात एवढ्यात नाव नको द्यायला, आधी रक्त तपासू. डॉक्टरांनाच खात्री नाही तर विश्वास ठेवायचा कोणावर?

उत्तर: ताई, तुमची घालमेल कळतेय. मला विचाराल तर त्या तिसऱ्या डॉक्टरांना धरून राहा.

मलेरियासारखी रक्ताची टेस्ट डिप्रेशनला नाही. नऊपैकी पाच लक्षणं, कमीत कमी दोन आठवडे, आणि त्यात उदासी किंवा कशातच मन न रमणं यातलं एक तरी हवंच, असं आम्ही बघतो, पण झोप, भूक, थकवा ही लक्षणं थायरॉइडची पण असतात, बी-१२ किंवा रक्त कमी असेल तरी असतात, आणि आपल्याकडच्या बायका 'उदास वाटतं' म्हणतच नाहीत हो, 'अंगात त्राण नाही, छातीत धडधडतं' म्हणतात. २००९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात ५० हजारांवर पेशंटचा आढावा आला होता, त्यात जनरल डॉक्टरांना डिप्रेशनच्या साधारण निम्म्याच केसेस ओळखता आल्या होत्या आणि नसताना शिक्का बसलेले लोक तर नजरेतून सुटलेल्यांपेक्षा जास्त होते. म्हणजे चूक दोन्हीकडून होते.

माझ्याकडे कळव्याच्या एक काकू आल्या होत्या, तक्रार गॅसची. मी गोळी लिहीतच होतो, तेवढ्यात दारातून सून म्हणाली, भिजवलेली मटकी तीन दिवस तशीच राहिली, वास सुटला तरी ह्यांना कळलं नाही, एरवी मोड किती आले ते दिवसातून दहा वेळा बघायच्या. मी पेन खाली ठेवलं, दोघींना परत बसवलं. पुढे टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, तो पण वाढलेला निघाला, म्हणजे डिप्रेशन आणि थायरॉइड दोन्ही होतं.

तेव्हा टीएसएच, हिमोग्लोबिन, बी-१२, शुगर करून घ्या, आणि आईने काय काय करायचं सोडलंय, कधीपासून, ते कागदावर लिहून न्या, चालू गोळ्यांची पाकिटं पण न्या. पूर्वी कधी चार-सहा दिवस झोपेशिवाय भलताच उत्साह, वारेमाप खर्च, असं झालं असेल तर ते आधी सांगा, कारण बायपोलर, म्हणजे कधी अति उत्साह तर कधी खोल उदासी असा आजार असेल तर नुसत्या डिप्रेशनच्या गोळीने त्रास वाढू शकतो. वाशीची गोळी सुरू केली असेल तर मनाने बंद करू नका, तिसऱ्या डॉक्टरांना दाखवा. आणि आई 'मी नसते तर बरं' असं काही बोलली तर रिपोर्टची वाट बघायची नाही, तिला एकटं सोडायचं नाही, त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यायचं. रात्री-अपरात्री टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ लागतो, फुकट आहे, मराठीत बोलतात.