पाळीव प्राण्याला कॅन्सर झाल्यावर व्हेटरनरी नर्स मालकाला काय मदत करते?

सगळ्यात मोठी मदत म्हणजे डॉक्टरांनी सांगितलेलं पुन्हा सावकाश समजावणं. ‘कॅन्सर’ ऐकल्यावर पुढचं डोक्यात शिरतच नाही, तेव्हा तेच प्रश्न परत विचारायला अजिबात संकोचू नका. केमोथेरपी (कॅन्सरच्या पेशी मारणारी औषधं) असेल तर घरची काळजीही नर्सच शिकवते: काही दिवस लघवी-शी हातमोजे घालूनच साफ करायची, गोळी फोडायची किंवा कुटायची नाही, गरोदर बाईने या कामापासून लांब राहायचं. केमोथेरपीच्या बऱ्याच औषधांनंतर साधारण 7 ते 10 दिवसांनी रक्तातल्या, संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी सर्वांत कमी होतात. तेव्हा ताप आला किंवा खाणं सुटलं तर लगेच फोन करा. खाणं, वेदना, उत्साह यांची रोज नोंद ठेवायलाही ती सांगते. ही नोंद जरूर ठेवा. निरोपाचा, म्हणजे प्राण्याला शांतपणे मरण देण्याचा, निर्णय घ्यायची वेळ आली तर नर्सचा फार आधार होतो.