४८ व्होल्टची माइल्ड हायब्रिड फोर बाय फोर चिखलात-घाटात टिकेल का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: हिर्डोशी खोऱ्यात तुमची शेती आहे, डांबरी सुटल्यावर शेवटचे चार किलोमीटर कच्चे आहेत आणि पावसाळ्यात मधे ओढा लागतो. बारा वर्षं वापरलेली डिझेल फोर बाय फोर काढून फॉर्च्युनरची ४८ व्होल्टवाली ‘निओ ड्राइव्ह’ घ्यायचं मनात आहे, पण ‘हायब्रिड’ शब्द ऐकून घरचे बिचकलेत. चिखलात बिघडेल का, पाण्यात बंद पडेल का आणि चालवताना खरंच फरक कळतो का, हे तुम्हाला हवंय.

मी भोरमध्ये ऑटो इलेक्ट्रिशियन आहे. अल्टरनेटर, सेल्फ आणि बॅटऱ्या खोलण्यात वीस वर्षं गेली. पश्चिम भागातल्या गाड्या पावसाळ्यात कशा होऊन येतात ते रोज बघतो. माझं मत आधीच सांगतो. गाडी आवडली असेल तर घ्या, हायब्रिडला भिऊन मागे फिरू नका. पण जुन्या गाडीचं इंजिन आणि फोर लो (चारही चाकांना हळू पण जास्त जोर देणारा गिअर) अजून ठणठणीत असेल, तर नुसत्या हायब्रिडपायी ती विकू नका.

घरच्यांची भीती बहुधा मोठ्या बॅटरीची असणार. ती ह्या गाडीत नाहीच. माइल्ड हायब्रिड नुसत्या विजेवर चालत नाही. अल्टरनेटर आपल्याला माहीत आहे, इंजिन त्याला बेल्टने फिरवतं आणि तो वीज करतो. इथे त्याच बेल्टवर एक मोटर-जनरेटर असतो. तो वीज करतोच, शिवाय वेळ आली की उलटा जोर लावून इंजिनाला ढकलतो. आपल्याकडे २०१५ मध्ये मारुतीच्या सियाझ डिझेलचं माइल्ड हायब्रिड मॉडेल आलं तेव्हापासून १२ व्होल्टच्या माइल्ड हायब्रिड गाड्या धावतायत, म्हणजे प्रकार नवखा नाही. टोयोटाने तो हायलक्स आणि फॉर्च्युनरमध्ये ४८ व्होल्टवर नेला आणि आपल्याकडे जून २०२५ मध्ये आणला. मोटरची ताकद जास्तीत जास्त १२ किलोवॅट. एवढी ताकद १२ व्होल्टवर घ्यायची तर हजार अँपिअर करंट लागला असता, ४८ वर अडीचशेत भागतं. व्होल्टेज वाढवण्याचं कारण मुख्यतः हेच. आणि ६० व्होल्टच्या आत असल्यामुळे ती हाय व्होल्टेज गाडीत मोडत नाही.

आता चालवायला कशी. एका गिऱ्हाइकाची गाडी मी डिसेंबरात वरंधा घाटाच्या रस्त्याने आणि पुढे एका कच्च्या चढावर चालवली. फरक पहिल्या क्षणात आहे. मोठं टर्बो डिझेल खालच्या आरपीएमला जरा सुस्त असतं, पाय दाबल्यावर टर्बो भरेपर्यंत थांबावं लागतं. चढावर दगडाला चाक टेकलंय, हळूच वर घ्यायचंय, तिथे ही सुस्ती नडते. आपण थोडं जास्त दाबतो आणि गाडी एकदम उसळते. मोटर पहिल्यापासून जोर देते म्हणून ती उसळी कमी होते, चाक दगडावर सावकाश चढतं. दुसरं म्हणजे कंपनीने आयडलिंग, म्हणजे पाय न देता इंजिन फिरण्याचा वेग, ७२० वरून ६०० आरपीएमवर आणलंय. ऐकायला किरकोळ वाटतं, पण फोर लोमध्ये पाय सोडून गाडी रांगत नेताना ती आणखी हळू जाते. खाचखळग्यांत मला ही गोष्ट मोटरच्या जोरापेक्षा जास्त आवडली.

ताकद वाढली असं मात्र समजू नका. इंजिन २०४ अश्वशक्तीचं, मोटर सोळाच्या आसपास. बॅटरी साडेसात किलोची, ४.३ अँपिअर-तासांची, म्हणजे तिच्यात दोनशे वॉट-तासांच्या जवळपास वीज मावते. मोटर पूर्ण जोराने चालली तर ती मिनिटभरात संपेल. रुतलेली गाडी बाहेर काढायला फोर लो, डिफ लॉक (डावं-उजवं चाक एकत्र फिरवणारं कुलूप), टायर आणि हवा कमी करायची अक्कल हेच लागणार, जुन्या गाडीत लागत होतं तसंच.

उताराचं मात्र नीट समजून घ्या, इथे लोक फसतात. पाय काढला की मोटर वीज करायला लागते आणि गाडी जरा धरल्यासारखी वाटते. हे धरणं बॅटरीत जागा असेपर्यंतच. हिशोब करून बघा. सव्वादोन टनांची गाडी शंभर मीटर उंची उतरली, तर सहाशे वॉट-तासांच्या आसपास ऊर्जा मोकळी होते. बॅटरीत मावतात दोनशे, त्याही ती पूर्ण रिकामी असली तर. म्हणजे लांब घाट उतरायला लागलात की पहिल्या काही वळणांतच ती भरणार आणि तो धरलेपणा जाणार. सरावलेला पाय तिथे एकदम ब्रेकवर जातो. म्हणून पहिल्या वळणापासूनच हाताने गिअर खाली घ्या, कच्च्या उतारावर फोर लो टाका, आणि मोटरचं धरणं हिशोबात धरूच नका.

आता भरवशाचं. बिघाडाचं बोलायचं तर माझ्या हाताखाली येणारा माल बहुतेक दोन जागांचा असतो, बेल्ट आणि साधी १२ व्होल्टची बॅटरी.

गेल्या श्रावणात एक माइल्ड हायब्रिड गाडी आली, कंपनीचं नाव सांगत नाही. स्टार्ट करताना चिरचिर आवाज, डॅशबोर्डवर चार्जिंगचा दिवा, गाडी जागेवर बंद होऊन परत चालू व्हायची सोय (स्टार्ट-स्टॉप) गेलेली. एका ठिकाणी त्यांना सांगितलं होतं की मोटर-जनरेटर गेलाय, सगळा सेट बदलावा लागेल. मी बॉनेट उघडून टॉर्च मारला. बेल्टच्या आतल्या बाजूच्या खाचांत लाल माती भरून वाळलेली, नखाने खरवडली तर सुटे ना. बेल्ट ताणून धरणाऱ्या टेन्शनरच्या मागे भाताचा पेंढा दोरीसारखा गुंडाळलेला. बेल्टला नुसता आधार देणारी आयडलर पुली हाताने फिरवली तर खरखर, आतल्या बेअरिंगमध्ये पाणी जाऊन गंज धरलेला. मोटर-जनरेटर काढून तपासला, त्याला काहीही झालं नव्हतं. बेल्ट नवीन, आयडलर नवीन, पुल्या पितळी ब्रशने साफ केल्या आणि गाडी संध्याकाळी घरी गेली.

असं का होतं? जुन्या गाडीत बेल्ट एकाच बाजूने ओढला जायचा. इथे मोटर ढकलते तेव्हा एक बाजू ताणली जाते, जनरेटर चालतो तेव्हा दुसरी. म्हणून टेन्शनर दोन हातांचा असतो आणि तो सारखा हलत असतो. त्याच्यात चिखल किंवा पेंढा अडकला की बेल्ट घसरतो, घसरला की तापतो. खाचांतली माती तर पॉलिशपेपरसारखं काम करते. आणि बहुतेक माइल्ड हायब्रिड गाड्यांत सगळं चार्जिंग ह्याच बेल्टवर असतं. तुम्ही भाताच्या भागात राहता. लावणीच्या दिवसांत दर पंधरा दिवसांनी, इंजिन बंद आणि गार असताना, टॉर्च घेऊन बेल्टच्या खाचा बघा. दर सर्व्हिसिंगला टेन्शनर आणि आयडलर हाताने फिरवून बघायला सांगा. कंपनीच्या पुस्तकातला बेल्टचा पल्ला शहरातल्या वापराला ठीक आहे, तुमच्या वापराला तो बराच आधी बदला.

धुण्याबद्दल कळकळीने सांगतो. वॉशिंग सेंटरच्या प्रेशर पाइपने जेवढे कनेक्टर खराब होताना मी बघितलेत, तेवढे ओढ्याच्या पाण्याने नाही बघितले. इंजिनवर जोराचा फवारा मारू देऊ नका, साध्या नळाच्या पाण्याने माती भिजवून उतरवा. आणि आपल्याकडे कार्पेट काढून गाडी आतून पाइपने धुवायची सवय आहे, ती ह्या गाडीत सोडावीच लागेल. ४८ व्होल्टची बॅटरी मागच्या सीटखाली आहे.

आता १२ व्होल्ट. ४८ आली तरी जुनी बॅटरी जात नाही. गाडीची कुलपं, कॉम्प्युटर, रिले सगळे तिच्यावर जागे होतात. ती मेली की ४८ ची भरलेली असली तरी उपयोग नाही. आणि ऑफ-रोडची हौस असलेले लोक तिच्यावरच सगळं चढवतात, लाइट बार, कॉम्प्रेसर, विंच (रुतलेली गाडी दोराने ओढणारं यंत्र), छोटा फ्रिज. भार जास्त, हे तर आहेच. पण मला जास्त सापडते ती वेगळी चूक. ह्या गाड्यांत निगेटिव्ह टर्मिनलवर काडेपेटीएवढा सेन्सर असतो. किती करंट गेला, किती आला ह्याचा हिशोब तो ठेवतो. फिटर नवीन लाइटची अर्थ वायर थेट टर्मिनलच्या बोल्टखाली दाबतो. तो करंट सेन्सरला दिसतच नाही. बॅटरी उतरलेली असते आणि गाडीला ती भरलेली वाटते, किंवा हिशोब जुळत नाही म्हणून गाडी स्टार्ट-स्टॉप बंद करून टाकते. मालक म्हणतो हायब्रिड बिघडलं. अर्थ बॉडीला द्या, एवढंच करायचं असतं. विंच बसवणार असाल तर आधी कंपनीकडून लेखी विचारून घ्या, कारण विंच भारावर तीन-चारशे अँपिअर ओढतो. आणि गार्ड किंवा कॅरियरचं वेल्डिंग गाडीवर करायचं असेल तर कंपनीच्या पद्धतीने दोन्ही बॅटऱ्या सोडवून घेतल्याशिवाय वेल्डरला हात लावू देऊ नका.

४८ च्या वायरला मात्र घरी कोणी हात घालायचा नाही. शॉकचं भय फार नाही, पण सुटलेल्या जोडाला १२ व्होल्टची ठिणगी विझून जाते, ४८ ची जळत राहू शकते. जंपर लावायची वेळ आली तर फक्त १२ च्या टर्मिनलला.

ओढ्याचं. हायलक्सची ७०० मिलिमीटर पाण्यातून जायची क्षमता ४८ व्होल्ट आल्यावरही तेवढीच राहिली, असं टोयोटा सांगते. मोटर-जनरेटर इंजिनावर उंच बसवलाय तो त्यासाठीच. ७०० म्हणजे साधारण मांडीपर्यंत. हा आकडा संथ पाण्याचा आणि सावकाश जाण्याचा आहे, आषाढातल्या वाहत्या ओढ्याचा नाही. तुम्ही तिथले आहात, पाणी गढूळ झालं आणि दगड दिसेनासे झाले की थांबायचं हे तुम्हाला मी सांगायला नको. पाण्यात शिरण्याआधी स्टार्ट-स्टॉप बंद करा. फोर लोमध्ये पुष्कळ गाड्यांत ते आपोआप बंद होतं, पण बटण दाबून खात्री करा. पलीकडे गेल्यावर थोडा वेळ इंजिन चालू ठेवा म्हणजे बेल्ट सुकतो, आणि घरी पोचल्यावर मागच्या सीटखालच्या कार्पेटला हात लावून बघा. ओल लागली तर त्याच आठवड्यात उघडून सुकवून घ्या.

पैशाचं फार मोठं नाही. डिझेलमध्ये पाच टक्के फरक धरा. वर्षाला पंधरा हजार किलोमीटर आणि लिटरला अकराचं ॲव्हरेज असेल, तर अडुसष्ट लिटर वाचतील, सहा हजार रुपये. तुमच्या कच्च्या रस्त्यावर तेही नाही, कारण तिथे स्टार्ट-स्टॉप बंदच असणार.

शोरूममध्ये तीन गोष्टी विचारा आणि उत्तरं कागदावर घ्या. मोटर-जनरेटर बंद पडला तर १२ व्होल्टचं चार्जिंग कुठून होतं आणि जुना सेल्फ गाडीत आहे का. ४८ च्या बॅटरीची वॉरंटी किती वर्षं, आणि पाणी लागून खराब झाली तर ती धरतात का. बेल्ट आणि टेन्शनर पुण्यात हाताशी मिळतो की मागवावा लागतो. तिसऱ्याचं उत्तर ‘मागवावा लागतो’ असं आलं, तर पहिल्याच दिवशी एक जादा बेल्ट घेऊन गाडीत टाका.

टेस्ट ड्राइव्ह हायवेवर घेऊ नका. एसी लावून, घरची चार माणसं बसवून एखाद्या खड्या चढावर न्या, मध्येच थांबवा, ब्रेक सोडून अगदी हलका पाय द्या आणि चार-पाच वेळा तेच करा. गाडी उसळते की सरळ उचलते, ते तुमच्या पायाला लगेच कळेल.