व्हर्जिनियात ८८ मैलांचं तिकीट: दंड भरून मोकळं होता येत नाही

एडिसन, न्यू जर्सीहून एका वाचकाने लिहिलं आहे: "बायको-मुलांना घेऊन शार्लटला आतेभावाकडे निघालो होतो. व्हर्जिनियात आय-९५ वर, एम्पोरियाच्या थोडं अलीकडे ट्रूपरने, म्हणजे राज्याच्या पोलिसाने, थांबवलं. मर्यादा ७० ची, त्याच्या रडारवर ८८. माझ्या काट्यावर ८३-८४ होतं, नक्की. त्याने कागदावर सही घेतली. कागदावर ४६.२-८६२ असं काहीतरी आहे आणि दोन महिन्यांनंतरची तारीख. मित्र म्हणतात, ऑनलाइन पैसे भर, नाहीतर सरळ सोडून दे, तुला कुठे परत व्हर्जिनियात जायचंय? मी एच-१बी व्हिसावर आहे. डिसेंबरात मुंबईला व्हिसाचं स्टॅम्पिंग आहे. काय करू?"

तुमच्या पत्रात माझी नजर आधी गेली ती त्या कलमाच्या आकड्यावर. ४६.२-८६२ म्हणजे रेकलेस ड्रायव्हिंग, बेदरकारपणे गाडी चालवणं. व्हर्जिनियात मर्यादेपेक्षा २० मैल किंवा त्याहून जास्त वेगाने गाडी चालवली, किंवा मर्यादा काहीही असो, ताशी ८५ मैलांच्या वर गेलात, तर या कलमाखाली खटला होतो. तुम्ही मर्यादेपेक्षा १८ मैलच जास्त होतात, म्हणजे पहिल्या अटीत बसत नाही. पण ८८ म्हणजे ८५ च्या पुढे, म्हणून दुसरीत सापडलात. २०२० च्या १ जुलैपर्यंत ही रेषा ८० वर होती, म्हणजे ७० च्या रस्त्यावर ८१ ला सुद्धा हेच कलम लागायचं. माझ्या मते आजची रेषाही कडकच आहे. पण कायदा आहे तो असा आहे, आणि आपल्याला त्याच्याशीच निपटायचं आहे.

मित्रांचा गोंधळ कुठे होतो ते सांगते. हेच १८ मैल न्यू जर्सीत झाले असते तर लायसन्सवर ४ पॉइंट (नियमभंगाचे गुण) आणि दंड, विषय संपला. आपल्याकडे पुणे-मुंबई एक्सप्रेसवेवर झाले असते तर फोनवर चलन आलं असतं, लहान गाडीला हजार ते दोन हजार रुपये, आणि निम्मे लोक लोकअदालतीची वाट बघत बसले असते. व्हर्जिनियात मात्र रेकलेस ड्रायव्हिंग हा क्लास १ मिस्डिमीनर आहे, म्हणजे फौजदारी गुन्हा. जास्तीत जास्त शिक्षा १२ महिने तुरुंग आणि २,५०० डॉलर दंड, शिवाय व्हर्जिनियात गाडी चालवण्याचा हक्क सहा महिन्यांपर्यंत काढून घेता येतो. मोटार खात्याच्या नोंदीत तो ११ वर्षं राहतो. घाबरवण्यासाठी सांगत नाही. ८८ मैल, आधीची नोंद स्वच्छ, अपघात नाही, अशा माणसाला तुरुंगात धाडल्याचं मी पाहिलेलं नाही. पण हे ऑनलाइन भरून मिटणारं तिकीट नाही. रेकलेसला आधी पैसे भरून सुटण्याची सोयच कायद्याने ठेवलेली नाही.

आणि न जाणं हा तर सर्वांत वाईट मार्ग. तारखेला हजर राहिला नाहीत तर तुमच्या गैरहजेरीत गुन्हा सिद्ध होऊ शकतो, अटकेचं वॉरंट निघू शकतं, आणि हजर न राहणं हा स्वतंत्र गुन्हा म्हणून वर चढतो. "न्यू जर्सीला कळणार कसं?" असं मित्र म्हणत असतील, तर त्यांना सांगा की दोन्ही राज्यं ड्रायव्हर लायसन्स कॉम्पॅक्ट या करारात आहेत. एका राज्यातली शिक्षा दुसऱ्याला कळवली जाते. बाहेरच्या राज्यातल्या मूव्हिंग व्हायोलेशनला, म्हणजे गाडी चालवताना केलेल्या नियमभंगाला, न्यू जर्सी स्वतःचे २ पॉइंट लावतं. व्हर्जिनियाचे पॉइंट जसेच्या तसे येत नाहीत, एवढाच काय तो दिलासा. विमा कंपनी मात्र पॉइंट मोजत बसत नाही, ती शिक्षा काय झाली ते बघते.

सही केली म्हणून मनाला लावून घेऊ नका. ती गुन्ह्याची कबुली नव्हती, तारखेला येईन एवढंच वचन होतं.  ते तुम्ही बरोबरच केलंत. मात्र ट्रूपरने "किती वेगात होतास?" विचारल्यावर तुम्ही काय उत्तर दिलंत, ते आठवेल तसं आजच लिहून काढा. तो ते कोर्टात सांगू शकतो.

आता तुमच्या काट्याकडे येऊ, कारण तुमच्या हातात असलेला सर्वांत खरा मुद्दा तोच आहे. गाडीचे टायर मध्यंतरी बदलले होते का? मूळ मापापेक्षा मोठा टायर बसवला असेल तर एका फेरीत गाडी जास्त अंतर कापते. काटा फेऱ्यांवरून वेग सांगतो, त्यामुळे तो कमी दाखवतो. म्हणजे ट्रूपरचं ८८ खरं आणि तुमचं ८४ सुद्धा खरं, असं होऊ शकतं. स्पीडोमीटर कॅलिब्रेशन करून देणारी गॅरेज असतात. तिथे गाडी यंत्रावर चढवून काट्यावरचा वेग आणि प्रत्यक्ष वेग ताडून बघतात आणि शपथेवरचा अहवाल देतात. व्हर्जिनियाच्या कायद्यात असा अहवाल पुरावा म्हणून घ्यावा असं स्पष्ट लिहिलेलं आहे. काट्यात चार मैलांची खोट निघाली, तर तुम्हाला स्वतःला आपण ८४ वर आहोत असं वाटत होतं, म्हणजे रेषेच्या अलीकडे, हे न्यायाधीशांना कागदावर दिसतं. टायर मात्र चाचणी होईपर्यंत बदलू नका. आणि काटा बरोबर निघाला तर तो अहवाल कोर्टात न्यायचा नाही, खोटं तर मुळीच बोलायचं नाही.

ट्रूपरच्या यंत्रालाही हाच नियम आहे. रडार किंवा लेझरची तपासणी गेल्या सहा महिन्यांत झालेली असावी लागते आणि त्याचं प्रमाणपत्र त्याच्याकडे असावं लागतं. बहुतेक ट्रूपर ते फाइलला लावूनच येतात, तेव्हा यावर सगळी भिस्त ठेवू नका. पण तुमच्या वकिलाने ते मागून तारीख वाचलीच पाहिजे.

वकील कुठला? मी फेअरफॅक्सला वकिली करते, तरीही तुम्हाला माझ्याकडे या असं म्हणणार नाही. जिथलं समन्स (तुम्ही सही केलेला तो कागद) आहे त्याच काउंटीच्या जनरल डिस्ट्रिक्ट कोर्टात नेहमी उभा राहणारा, व्हर्जिनियाची सनद असलेला वकील घ्या. न्यू जर्सीच्या ओळखीच्या वकिलाला इथे उभं राहता येत नाही. स्थानिक वकिलाला त्या न्यायाधीशांची पद्धत माहीत असते: कोण कॅलिब्रेशनला किंमत देतं, कोण ड्रायव्हर इम्प्रूव्हमेंटचा आठ तासांचा वर्ग आधीच केलेला असला तर नरमतं, कोण आरोपी स्वतः आला नाही तरी वकिलावर भागवून घेतं. शेवटचा प्रश्न तुम्ही पहिल्याच फोनवर विचारा. वर्गाला बसण्याआधी तो व्हर्जिनियाला मान्य आहे का, ऑनलाइन केलेला चालतो का, हेही त्यालाच विचारा. नाहीतर शनिवार फुकट जाईल. न्यू जर्सीच्या मोटार व्हेईकल कमिशनकडून तुमच्या नोंदीचा उतारा, म्हणजे ड्रायव्हर अ‍ॅबस्ट्रॅक्टही काढून त्याच्याकडे द्या. स्वच्छ नोंद तोंडाने सांगणं वेगळं, कागदावर दाखवणं वेगळं.

मागायचं काय, ते नीट समजून घ्या. वकील बहुधा दोनांपैकी एकासाठी प्रयत्न करेल. एक, साधं स्पीडिंग. दुसरं, इम्प्रॉपर ड्रायव्हिंग, म्हणजे चूक झाली पण बेदरकारपणा नव्हता असं न्यायाधीशांना वाटलं तर. ही दोन्ही फौजदारी गुन्ह्यात मोडत नाहीत, दंडावर सुटतात. निकाल मनाविरुद्ध गेला तर सर्किट कोर्टात अपील करता येतं, तिथे खटला पहिल्यापासून नव्याने चालतो. पण मुदत १० दिवसांची आहे आणि शनिवार-रविवार त्यातच मोजतात.

एच-१बीमुळे तुमच्या बाबतीत एक पायरी जास्त आहे, आणि ती चुकवू नका असं मी कळकळीने सांगते. व्हिसाच्या डीएस-१६० अर्जात कधी अटक किंवा दोषसिद्धी झाली का, असा प्रश्न असतो. पुढे ग्रीन कार्डच्या अर्जात प्रश्न आणखी रुंद होतो, नुसता ठपका किंवा आरोप ठेवला गेला असेल तरी सांगावं लागतं. वेगाचा रेकलेस ड्रायव्हिंगचा गुन्हा सहसा व्हिसा बुडवणाऱ्या गुन्ह्यांत धरत नाहीत. माणसं अडकतात ती लपवल्यामुळे. एका मुलाने, त्याचा खटला साध्या स्पीडिंगवर सुटला होता, "आता हे सांगायची गरज काय" म्हणून काही लिहिलं नाही, आणि नंतर महिनाभर तो खुलासे देत बसला. म्हणून कुठलीही तडजोड मान्य करण्याआधी इमिग्रेशन वकिलाशी अर्धा तास बोला आणि दोन्ही वकिलांची एकमेकांशी गाठ घालून द्या. जमेल तर निकाल लागल्यावरच मुंबईला जा. निकालाची शिक्क्याची प्रत क्लार्ककडून त्याच दिवशी घ्या, एक नाही, तीन. या कोर्टांची जुनी कागदपत्रं कायम ठेवली जात नाहीत, आणि नागरिकत्वाच्या वेळी, कितीतरी वर्षांनी, ती प्रत कुणीतरी मागेल.

"बायको चालवत होती असं सांगू का" असं तुम्ही विचारलेलं नाही, पण असे फोन मला येतात म्हणून लिहिते. नाही. ट्रूपरने तुमचा चेहरा पाहिला आहे, लायसन्स तुमचं घेतलं आहे. दंडाच्या वाटेवरचं प्रकरण त्या एका वाक्याने खोट्या साक्षीचं होईल.

तारखेला स्वतः जावं लागलं तर एडिसनहून पहाटे निघून पोचू असा हिशोब करू नका. सहा तासांहून जास्त रस्ता आहे, आणि उशीर होतोय म्हणून त्याच आय-९५ वर पुन्हा पाय दाबला जाईल. आदल्या रात्री तिथे मुक्काम करा. सकाळी लवकर पोचा, कारण दाराशी तपासणीची रांग असते. इथल्या बऱ्याच कोर्टांत फोन आत नेऊ देत नाहीत, म्हणून कॅलिब्रेशनचा अहवाल, अ‍ॅबस्ट्रॅक्ट, वर्गाचं प्रमाणपत्र, वकिलाचा नंबर, सगळं कागदावर छापून बरोबर ठेवा आणि फोन गाडीतच राहू द्या.