गोल्फ: रेंजवर बरा, कोर्सवर बेकार? स्विंगला हात लावण्याआधी हे करून बघा

दर रविवारी रेंजवर (सरावाच्या मैदानावर) शंभरेक बॉल मारता, सात नंबरचं आयर्न (मधल्या अंतराचा क्लब) झकास बसतं, पण कोर्सवर ग्रीनच्या (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवताच्या) दहा पावलं अलीकडून चिप (छोटा, बुटका फटका) मारताना बॉल एकदा जागीच राहतो आणि पुढच्या वेळी सुसाट पलीकडे जातो, असं तुम्ही लिहिलंय. स्विंग बदलू का, की ६० डिग्रीची वेज (जवळच्या, उंच फटक्यांचा क्लब) घेऊ? माझ्या मते दोन्ही नको, निदान इतक्यात तरी.

पहिला संशय रेंजवरच्या मॅटवर घ्या. क्लब बॉलच्या दोन इंच मागे टेकला तरी रबरी मॅटवरून तो घसरत पुढे येतो आणि बॉल बऱ्यापैकी उडतो. गवतावर तोच फटका माती खोदतो. म्हणून मॅटवरसुद्धा एक नॅपकिन घडी करून बॉलच्या चार-पाच इंच मागे ठेवा. नॅपकिन न हलता बॉल गेला तरच फटका मोजायचा. गवतावर सराव करता येत असेल तर आणखी सोपं: जमिनीवर चुन्याची रेघ ओढा आणि बॉल न ठेवताच स्विंग करा. डिव्हट (क्लबने उखडलेला गवताचा तुकडा) रेघेपासून पुढे पडायला हवा.

तुमचा जागीच राहणारा बॉल (फॅट) आणि सुसाट जाणारा (थिन) हे दोन वेगळे आजार नाहीत. दोन्हीत क्लबचा सर्वांत खालचा बिंदू बॉलच्या मागे पडतोय. जमिनीला लागला तर फॅट, नाही लागला तर वर येताना कड बॉलच्या पोटात, म्हणजे थिन. बहुतेकदा मुळाशी असते बॉल ‘उचलायची’ धडपड. उचलायचं काम लॉफ्टचं, म्हणजे क्लबच्या तिरक्या तोंडाचं, ते त्याला करू द्या. (उजव्या हाताने खेळता असं धरून लिहितोय.) चिपला पाय जवळ घ्या, उजवी टाच उचलून फक्त चवडा टेकवा आणि तसेच बॉल मारत राहा. वजन मागे न्यायला जागाच उरत नाही. कंटाळवाणं आहे, पण यासारखा दुसरा उपाय मला माहीत नाही.

ते जमायला लागलं की एकाच जागेवरून बॉलमागून बॉल मारणं बंद. ग्रीनभोवती नऊ जागा निवडा, सोप्या-अवघड मिसळून. एकच बॉल घ्या, चिप मारा, पुटरने (ग्रीनवर बॉल घरंगळवायच्या क्लबने) होलमध्ये घाला, मग पुढची जागा. प्रत्येक जागेचा पार (ठरलेले फटके) २, म्हणजे एकूण १८. पहिल्या दिवशी पंचवीसच्या पुढे गेलात तर निराश होऊ नका. आकडा लिहून ठेवा. कोर्सवर दुसरा बॉल मिळत नाही, ही भीती रेंजवर कधी येत नाही; इथे येते.

पुटिंगचं थोडक्यात. पुटरच्या डोक्यापेक्षा किंचित रुंद अंतरावर दोन टी (बॉल ठेवायच्या छोट्या खुंट्या) खोचा आणि त्यांना न लागता चार फुटांचे पुट मारा. टायगर वुड्सचा हा आवडता सराव. लांबच्या पुटला मात्र दिशेपेक्षा वेग बघा. पीजीए टूर या अमेरिकेतल्या व्यावसायिक स्पर्धामालिकेतले खेळाडूही आठ फुटांवरून साधारण निम्मेच पुट घालतात, तेव्हा तीस फुटांवरून आपलं ध्येय पुढचा पुट सोपा ठेवणं, बस्स. पावसाळ्यात आपल्याकडे ग्रीन फार संथ होतात. त्या दिवसांत बसवलेला वेग उन्हाळ्यात चालत नाही, पुन्हा जुळवावा लागतो.

राहिली वेज. नामवंत गोल्फर सेव्ह बॅलेस्टेरोस लहानपणी स्पेनमधल्या पेद्रेन्याच्या समुद्रकिनाऱ्यावर एका तीन नंबरच्या आयर्नने सगळे फटके शिकला. तेवढी तपश्चर्या कोणी सांगत नाही, पण आहे त्या ५६ डिग्रीच्या वेजने पाच, दहा आणि पंधरा पावलांवर नॅपकिन टाकून बॉल त्यांवर उतरवून बघा. क्लब मागे किती न्यायचा एवढंच बदला, फटक्याची लय तीच ठेवा. तिन्ही अंतरं जमली की ६० डिग्रीच्या वेजचं बोलू. आणि तुमचा चिपचा व्हिडिओ टाकाल तर समोरून घेतलेला टाका, मागून घेतला की बॉल पायांमध्ये नेमका कुठे आहे ते कळत नाही.