उरलेलं मटण, उरलेला बटाटा

प्रश्न: भाजलेल्या मटणाचे जेमतेम 300 ग्रॅम तुकडे आणि वाडगाभर कुस्करलेला बटाटा फ्रिजमध्ये उरलाय. चार माणसांचं जेवण त्यातून निघेल का? मागे एकदा मटणावर बटाट्याचा थर देऊन ओव्हनमध्ये ठेवलं होतं, तर मटण चामट झालं आणि बटाटा रश्श्यात बुडाला.

उत्तर: निघेल, तेही पोटभर. हाडं काढून 300 ग्रॅम मटण भरत असेल, तर बटाटा 600 ते 700 ग्रॅम हवा. कमी पडला तर आणखी दोन-तीन बटाटे उकडून त्यात मिसळा. तुमच्या दोन्ही अडचणींचं मूळ एकच आहे: ओलावा जिथे हवा तिथे नव्हता. खालचं मटण ओलसर हवं आणि वरचा बटाटा कोरडा. झालं होतं नेमकं उलटं.

आधी मटणाचं बघू. ते एकदा शिजलेलं आहे, आता फक्त गरम व्हायचं आहे. रश्श्यात घालून पुन्हा उकळत ठेवलं की त्याचे तंतू आणखी आकसतात आणि उरलासुरला रसही बाहेर पडतो. म्हणून रस्सा पूर्ण तयार करायचा आणि मटण अगदी शेवटी घालायचं. एक मोठा कांदा आणि दोन लहान गाजरं बारीक चिरून दोन टेबलस्पून तेलात मंद आचेवर 10 ते 12 मिनिटं परता. इथे घाई नको. स्वस्तातल्या या जेवणाची निम्मी चव याच कांद्यातून येते. त्यावर लसणाच्या दोन पाकळ्या आणि एक टेबलस्पून टोमॅटो पेस्ट घालून पेस्टचा रंग गडद होईपर्यंत परता. मग दीड टेबलस्पून मैदा घालून मिनिटभर हलवा आणि 300 मिलिलिटर गरम पाणी थोडं थोडं ओता. मटणाची हाडं असतील तर ती तासभर उकळून त्याचंच पाणी वापरा, साध्या पाण्यापेक्षा कितीतरी चांगलं लागतं.

हे आठ-दहा मिनिटं रटरटू द्या. पळीने कढईच्या तळावर रेघ ओढली आणि ती क्षणभर तशीच राहिली, की रस्सा पुरेसा आळला. रेघ लगेच भरून येत असेल तर आणखी आटवा, कारण बटाटा बुडतो तो या पातळ रश्श्यामुळेच. आता गॅस बंद करून मटण घाला. तुकडे सुरीनेच अर्ध्या सेंटिमीटरचे करा. मिक्सरमध्ये फिरवलेल्या मटणाचा पिठूळ लगदा होतो आणि खाताना काहीच दाताखाली येत नाही. मीठ सगळ्यात शेवटी आणि चाखूनच, कारण मटणात आणि बटाट्यात ते आधीच आहे.

फ्रिजमधला बटाटा घट्ट होतो, कारण गार झाल्यावर त्यातला स्टार्च आवळून येतो. अर्धा किलोला दोन-तीन टेबलस्पून गरम दूध घालून मंद आचेवर हाताने सैल करा. दूध याहून जास्त नको. मिक्सर तर नकोच, त्याने स्टार्च मोकळा होऊन बटाटा खळीसारखा चिकट होतो.

मटणाचं मिश्रण साधारण 20 सेंटिमीटरच्या चौकोनी भांड्यात पसरून 15 मिनिटं निवू द्या, म्हणजे वर साय धरल्यासारखं घट्ट होईल. बटाटा मध्ये न टाकता आधी कडेने लावत या आणि भांड्याच्या काठाला टेकवा. कड अशी बंद झाली की रस्सा वर उसळत नाही. शेवटी मध्यभाग भरा आणि काट्याने वर खोल रेघा ओढा. त्या रेघांचे उंच कंगोरेच सोनेरी, कुरकुरीत होतात. 200 अंश सेल्सिअसला 25 ते 30 मिनिटं भाजा. कडेला बुडबुडे दिसले पाहिजेत. बाहेर काढल्यावर दहा मिनिटं थांबा, नाहीतर पहिलाच वाढलेला भाग पसरतो.

मटण 300 ग्रॅमहूनही कमी असेल तर शिजवलेले अख्खे मसूर एक वाटी मिसळा. मटणाच्या रश्श्यात ते छान मुरतात.

ब्रिटनमध्ये या पदार्थाला शेफर्ड्स पाय म्हणतात. बीफ वापरलं तर कॉटेज पाय.

प्रश्न: मटण मुळातच चिवट राहिलं असेल तर?

उत्तर: मग नियम उलटा. खांद्याचं किंवा पायाचं मांस पुरेसं शिजलं नसेल, तर त्यातला कोलेजन, म्हणजे मांसाला चिवट ठेवणारं प्रथिन, अजून विरघळलेला नसतो. असे तुकडे रश्श्यातच, थोडं जास्त पाणी घालून, झाकण ठेवून मंद आचेवर तासभर शिजवा. बोटाने दाबल्यावर तुटले की रस्सा आटवायला घ्या.

प्रश्न: ओव्हन नाही. पॅटिस करायला जावं तर तव्यावर फुटतात.

उत्तर: बटाट्यात दूध-लोणी जास्त असलं की पॅटिस फुटतात. 250 ग्रॅम बटाटा कोरड्या पॅनमध्ये तीन-चार मिनिटं परतून वाफ जाऊ द्या. निवल्यावर 150 ग्रॅम बारीक चिरलेलं मटण, एक लहान परतलेला कांदा, मिरपूड आणि दोन टेबलस्पून ब्रेडचा चुरा घाला. तरीही सैल वाटलं तर आणखी एक चमचा चुरा. अंडं घालायचं तर अर्धंच, पूर्ण अंड्याने मिश्रण उलट पातळ होतं. दोन सेंटिमीटर जाडीचे पॅटिस थापून अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. तेल नीट तापल्यावरच सोडा आणि मध्यम आचेवर चार मिनिटं हातही लावू नका. खालची कड तपकिरी झाली की पॅटिस आपोआप तवा सोडतो. त्याआधी उलथनं घातलं की कवच तव्यालाच राहतं.

प्रश्न: फ्रिजमधल्या मटणाला शिळा वास येतो. खाल्लं तर चालेल का? किती दिवस ठेवावं?

उत्तर: शिजलेल्या मांसातल्या चरबीचा हवेशी संयोग होऊन तसा वास दुसऱ्याच दिवशी येऊ शकतो. तो म्हणजे नासकेपणा नव्हे. मटण रश्श्यात बुडवून झाकून ठेवलं तर हा वास कमी येतो. आंबट किंवा कुजका वास असेल, चिकट बुळबुळीतपणा असेल, तर मात्र फेकून द्या.

शिजल्यापासून दोन तासांच्या आत, आणि हवा 32 अंशांच्या वर असेल तर तासाभरात, उथळ डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवा. तीन-चार दिवसांत संपवा. खाताना मधोमध 74 अंशांपर्यंत, म्हणजे वाफ निघेपर्यंत तापवा. लागेल तेवढंच काढून गरम करा, एकदा तापवलेलं पुन्हा फ्रिजमध्ये ठेवू नका. रात्रभर ओट्यावर राहिलेलं अन्न उकळून वापरता येईल, हा समज चुकीचा आहे. काही जिवाणूंनी सोडलेलं विष उकळल्यानेही जात नाही.