जो जिंकला त्याने कोरलं

प्रश्न : ताई, मुलगा कामानिमित्त बैरूतला असतो, परिस्थिती बरी असली तर आम्ही दोघं जायचं म्हणतोय. तो सांगतो जवळच एक कडा आहे, जो जो जिंकत आला त्याने तिथे शिलालेख कोरलाय. मला त्यातली एकही लिपी येत नाही, मग जाऊन कळणार काय? आणि नंतरच्याने आधीच्याचं पुसलं कसं नाही?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : अहो जाच, लिपी न येता पण कळतं. ही जागा नहर अल-कल्ब, म्हणजे कुत्र्याची नदी, बैरूतच्या उत्तरेला साधारण १५ किलोमीटर. तिथे डोंगराची सोंड थेट समुद्रात उतरते आणि पूर्वी किनाऱ्याने जायचं तर हीच अडचणीची वाट, त्यामुळे इथून सैन्य पार झालं की मोठंच काम झालं. इजिप्तचा राजा दुसरा रामसेस, त्याने इसवीसनपूर्व तेराव्या शतकात कोरून घेतलं, मग असुरियाच्या (म्हणजे आजच्या उत्तर इराककडच्या) एसरहद्दोन राजाने इसवीसनपूर्व ६७१ मध्ये इजिप्त हरवलं आणि स्वतःचा लेख नेमका रामसेसच्या शेजारी लावला. पुसण्यापेक्षा हे जास्त झोंबणारं, नाही का? हरलेल्याचं नाव शेजारी दिसलं तरच जिंकल्याची मजा! हे दोन आधी शोधा, बाकीचं नंतर.

पुसलं मात्र एकाने. १८६०-६१ ला तिसऱ्या नेपोलियनचं फ्रेंच सैन्य आलं आणि त्यांनी रामसेसच्या तीनपैकी एका लेखावरच आपला कोरला. मला याचा अजून राग येतो.

रोमन सम्राट काराकल्लाच्या सैन्याने रस्ता केल्याचं लिहिलंय, ते बघून पुढे जा. १९१८ च्या ब्रिटिश लेखापाशी मात्र थांबा, दमास्कस, होम्स, अलेप्पो घेणाऱ्या घोडदळात इंडियन पण होते असं तिथे सरळ इंग्रजीत आहे, ते तुम्हाला वाचता येईल. १९४६ चा लेख तर उलटाच, परकं सैन्य निघून गेलं याचा.

जुने लेख फार झिजलेत, भर दुपारी गेलात तर नुसता दगड दिसेल, तिरपं ऊन असताना जा, बूट घाला, पायऱ्या आहेत. बॅबिलोनचा राजा नेबुखद्नेझर, त्याचा लेख नदीच्या पलीकडच्या काठावर आहे, बरेच जण तो न बघताच परततात. तिकीट काढायच्या आधी परराष्ट्र मंत्रालयाची सूचना बघा, आणि पासपोर्टवर इस्रायलचा शिक्का असेल तर लेबनॉनमध्ये घेतच नाहीत, तेवढं तपासा.