गावातले घर की शहरातले? नोकरीसाठी रोज प्रवास करणाऱ्या कुटुंबांचे प्रश्न

प्रश्न: माझ्या पतींचे कार्यालय मोठ्या शहरात आहे आणि आठवड्यातून चार दिवस त्यांना तेथे जावे लागते. मी घरूनच काम करते. मुलगी नऊ वर्षांची आहे आणि सासूबाई आमच्याबरोबर राहतात. आमच्याकडे एक मोटार आहे. आम्हाला परवडतील अशी दोन घरे पाहून ठेवली आहेत. पहिले गावात आहे. तेथे खोल्या प्रशस्त आहेत, पुढेमागे मोकळी जागा आहे आणि शांतता आहे, पण रेल्वे स्थानक नऊ किलोमीटरवर आहे. दुसरी लहान शहरातली सदनिका आहे. ती आकाराने बरीच लहान आणि रहदारीच्या रस्त्यावर आहे, मात्र तेच स्थानक तिथून पायी बारा मिनिटांवर आहे. पुढचा रेल्वेचा प्रवास पन्नास मिनिटांचा. पतींचे म्हणणे असे, की गावातून मोटारीने स्थानक पंधरा मिनिटांत गाठता येते, म्हणजे दोन्ही घरांत फरक अवघ्या तीन मिनिटांचा. हे गणित मला पटत नाही, पण चूक नेमकी कोठे आहे तेही सांगता येत नाही.

उत्तर: आपली शंका रास्त आहे. या गणितात एक लहान चूक आहे आणि एक फार मोठी.

लहान चूक आधी पाहू. पायी जायची बारा मिनिटे रोज बाराच राहतात. मोटारीची पंधरा मिनिटे मात्र धुके, पाऊस, रस्त्याची दुरुस्ती किंवा पुढे संथ चालणारे अवजड वाहन यांमुळे कधी वीस, तर कधी पंचवीस होतात. गाडी चुकू नये म्हणून माणूस सरासरी वेळ धरून निघत नाही, वाईटात वाईट वेळ धरून निघतो. सकाळी प्रवासाची पंधरा, वाहन लावून फलाटावर पोहोचण्याची पाच आणि सावधगिरीची दहा अशी तीस मिनिटे गावातून धरावी लागतील, तर शहरातून पंधरा पुरतील. संध्याकाळी सावधगिरीची गरज नसते, त्यामुळे हा फरक आठ मिनिटांवर येतो. दिवसाचा एकूण फरक झाला तेवीस मिनिटे. आठवड्याचे चार दिवस आणि वर्षातले सेहेचाळीस आठवडे धरले, तर वर्षाला सुमारे ७० तास होतात. ही किंमत लहान नाही, परंतु केवळ तेवढ्यासाठी मोकळ्या जागेचे घर सोडा, असे मी म्हणणार नाही.

मोठी चूक ही, की या हिशेबात प्रवास करणारा माणूस एकच धरला आहे. आपल्या पत्राप्रमाणे घरात चार माणसे आहेत आणि सकाळी आपले पती मोटार घेऊन निघाले, की ती संध्याकाळपर्यंत स्थानकाबाहेर उभी राहणार आहे. त्या वेळात मुलीला शाळेत बरे वाटेनासे झाले, सासूबाईंना डॉक्टरांकडे न्यायचे झाले किंवा आपल्यालाच एखाद्या कामासाठी बाहेर पडायचे झाले, तर आपण कशाने जाणार? उत्तर बहुधा ‘दुसरी मोटार’ असेच येईल. मग तिची किंमत, विमा, इंधन, दुरुस्ती आणि स्थानकावरचे वाहनतळाचे शुल्क हे सारे गावातल्या घराच्या मासिक हप्त्यात मिळवून पाहा. कागदावर सारख्या किमतीची दिसणारी ही दोन घरे तशी राहणार नाहीत.

मुलांच्या ये-जा करण्याबाबत एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही, म्हणून थोडी सविस्तर सांगतो. मुलगी नऊ किलोमीटरवरच्या शाळेत किंवा वर्गाला जाऊन परत येते, तेव्हा तिचा प्रवास अठरा किलोमीटरचा होतो. तिला सोडून घरी परतणाऱ्या आणि पुन्हा आणायला जाणाऱ्या पालकाचा मात्र छत्तीस किलोमीटरचा होतो. घरून काम करणारी व्यक्ती आपण आहात, म्हणून या फेऱ्या कोणाच्या वाट्याला येतील हे वेगळे सांगायला नको. मुलगी तेरा-चौदा वर्षांची होईल, तेव्हा मैत्रिणी, खेळ, वाचनालय अशा तिच्या गरजा वाढतील. त्या वयात पायी किंवा बसने एकटीला जाता येणे हे केवळ सोयीचे नसते, तिच्या वाढीचाच तो भाग असतो. आज नऊ वर्षांच्या मुलीला अंगण जितके मोलाचे वाटेल, तितकेच पुढे चार वर्षांनी तिला बसचा थांबा मोलाचा वाटेल. सासूबाईंचेही तसेच आहे. स्वतः वाहन न चालवणाऱ्या वृद्ध व्यक्तीला दुकान, दवाखाना आणि समवयस्क माणसे चालत जाण्याच्या अंतरावर असली, तर तिचे दिवस तिच्या हातात राहतात.

प्रशस्त घर मिळाले की प्रवासाचा त्रास भरून निघतो, असे आपण सगळेच मनाशी धरतो. ब्रुनो फ्राय आणि आलोइस स्टुट्झर या स्वित्झर्लंडमधील अर्थशास्त्रज्ञांनी जर्मनीतील कुटुंबांची अनेक वर्षांची माहिती तपासून २००८ मध्ये शोधनिबंध प्रसिद्ध केला. कामावर जायला ज्यांना अधिक वेळ लागतो, ते आपल्या आयुष्याबद्दल सरासरीने कमी समाधानी आढळले. घर किंवा पगार यांच्या रूपाने त्यांना पुरती भरपाई मिळालेली असती, तर हा फरक दिसायला नको होता. याचे एक कारण असे सांगितले जाते, की मोठ्या खोल्यांची आपल्याला थोड्याच महिन्यांत सवय होते, तर प्रवासात रोज नवी अडचण उभी राहते आणि तिची सवय होत नाही. तरीही गावाच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे, आणि आपल्या बाबतीत तर अधिकच, कारण दिवसभर त्या घरात आपण असणार आहात. कामासाठी स्वतंत्र खोली, खिडकीबाहेर शांतता आणि शेजाऱ्यांची एकमेकांवर असणारी नजर यांचे मोल मी कमी लेखत नाही. माझा आग्रह इतकाच, की निर्णयात आपल्या मताचे वजन निदान पतींच्या मताइतके असावे. आतापर्यंतचा सगळा हिशेब त्यांच्याच घड्याळावर मांडलेला दिसतो.

माझे मत विचाराल, तर आपल्या कुटुंबासाठी मी शहरातले घर घेईन आणि उरलेला प्रयत्न रहदारीच्या रस्त्यापासून आत, स्थानकापासून वीस मिनिटांच्या चालण्यावर दुसरी सदनिका मिळते का, हे पाहण्यात घालवीन. गावात चालत जाण्याजोगी शाळा असेल आणि स्थानकापर्यंत उशिराच्या गाडीपर्यंत चालणारी बस असेल, तर मात्र हे मत मी बदलेन. गावात शाळा आहे एवढ्यावर थांबू नका, ती कोणत्या इयत्तेपर्यंत आहे ते विचारा. बसचे वेळापत्रक वाचण्यापेक्षा त्या बसने जाऊन पाहणे अधिक उपयोगाचे. घरे आपण बहुधा सुटीच्या दिवशी, ऊन पडलेले असताना पाहतो. आपण दोघांनी कामाच्या दिवशी, शक्यतो पावसात, गावातल्या त्या घराच्या दारापासून कार्यालयाच्या दारापर्यंत जाऊन यावे आणि परतताना मुद्दाम उशिराची गाडी पकडावी.

प्रश्न: मी एकटा राहतो. माझे कार्यालय आता आठवड्यातून दोनच दिवस बोलावते. तेव्हा दोन तासांच्या अंतरावरील गावात मोठे घर घेतले तर काय बिघडेल?

उत्तर: इटलीचे भौतिकशास्त्रज्ञ चेझारे मार्केटी यांनी १९९४ मध्ये असे मांडले, की माणूस दिवसाला सरासरी सुमारे एक तास प्रवासाला देतो, आणि वाहने वेगवान झाली तरी तो वेळ वाचवत नाही, तेवढाच लांब राहायला जातो. आपलेही तसेच होत आहे. तीन दिवसांची जी सवड मिळाली, ती आपण अंतरात खर्च करू पाहता आहात. यात गैर काही नाही, परंतु कार्यालयाचा नियम एका परिपत्रकाने बदलू शकतो आणि गृहकर्ज वीस वर्षे चालते. आठवड्यातून चार दिवस जावे लागले, तर रोजचे चार तास आपण वर्षभर तरी काढू शकाल का, याचे प्रामाणिक उत्तर स्वतःला द्या. ते ‘नाही’ असेल, तर अंतर कमी करा. शिवाय आपण एकटे आहात. घरून काम करण्याच्या तीन दिवसांत गावात बोलायला कोण भेटेल, याचाही विचार करा. घर विकत घेण्यापूर्वी त्याच गावात सहा महिने भाड्याने राहता आले, तर उत्तम.

प्रश्न: गावातले घर पक्के केले आहे. व्यवहारापूर्वी काय तपासावे?

उत्तर: कागदपत्रे वकिलांना दाखवालच, म्हणून शहरातून येणाऱ्यांच्या नजरेतून सुटणाऱ्या गोष्टीच सांगतो. पाणी सार्वजनिक नळाचे की विहिरीचे, आणि कोरड्या महिन्यांत ते किती मिळते, हे विकणाऱ्याला नव्हे तर शेजाऱ्याला विचारा. सांडपाणी गटाराला न जाता मैलाटाकीत जात असेल, तर ती शेवटची कधी उपसली आणि उपसणारे वाहन दारापर्यंत येऊ शकते का, ते पाहा. टाकी विहिरीच्या जवळ किंवा चढाच्या बाजूला असेल, तर पाण्याची तपासणी करून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका. इंटरनेटचा वेग ज्या खोलीत बसून काम करणार, त्याच खोलीत आणि संध्याकाळी मोजा. घराकडे येणारा रस्ता सार्वजनिक आहे की कोणाच्या खासगी जमिनीतून जातो, तेही नकाशावर पाहून घ्या. खासगी असेल, तर ये-जा करण्याचा हक्क खरेदीखतात लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.